चुन्याच्या पिंपात उकळी कुठून येते?

माझं लहानपण कसबा पेठेतल्या वाड्यात गेलं. दिवाळीच्या आधी वाड्याला चुना मारायचा हे ठरलेलं असायचं. रंगारी काका चौकात लोखंडी पिंप ठेवायचे, त्यात कळीच्या चुन्याचे खडे टाकायचे आणि वरून पाणी ओतायचे, खाली चूल नाही स्टोव्ह नाही, तरी थोड्याच वेळात पिंप खदखदायला लागायचं, वाफा निघायच्या आणि दगडासारखे खडे तडकून त्यांचा लगदा व्हायचा. आजी ओरडायची, लांब व्हा रे, डोळ्यात उडालं तर डोळा जाईल! तिचं अगदी खरं होतं, चुना डोळ्याला खरंच भाजतो, त्यामुळे घरी कुणी हा प्रयोग करू नका.

शाळेत याला उष्मादायी अभिक्रिया म्हणतात असं शिकवलं. नाव पाठ झालं, पण ती उष्णता आली कुठून हा प्रश्न तसाच राहिला, आणि मला वाटतं बऱ्याच जणांचा राहतो.

त्यासाठी आधी चुन्याच्या भट्टीपर्यंत मागे जावं लागतं. कळीचा चुना होतो चुनखडीपासून. 100 ग्रॅम शुद्ध चुनखडी साधारण 900 अंश सेल्सिअसला भाजली की 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 ग्रॅम कळीचा चुना उरतो. नुसत्या या बदलासाठी 178 किलोज्यूल ऊर्जा लागते, भट्टीतून वाया जाते ती वेगळी. ही झाली उष्माग्राही अभिक्रिया. म्हणजे बोहरी आळीतून पिशवीत चुना आणला तर त्यात भट्टीतल्या कोळशाची थोडी ऊर्जा साठवूनच येते, हाताला मात्र तो गारच लागतो.

आता त्या 56 ग्रॅम चुन्याला 18 ग्रॅम पाणी मिळालं की तो विरतो आणि 65 किलोज्यूल बाहेर पडतात. किलोभर चुन्याचा हिशोब केला तर जवळपास 1160 किलोज्यूल, एवढ्यात साडेतीन लिटर पाणी 25 अंशांपासून उकळीपर्यंत सहज जाईल. पिंप खदखदणार नाही तर काय!

इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला असतो, की रासायनिक बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते. उलट आहे. बंध तोडायला नेहमीच ऊर्जा द्यावी लागते आणि नवीन जुळताना ती मिळते. पिंपातही पाण्याचा रेणू फोडायला ऊर्जा खर्च होतेच, पण विरी गेलेल्या चुन्याची नवी रचना जुळताना त्याहून जास्त मिळते, आणि वरची जी शिल्लक तीच आपल्याला वाफ म्हणून दिसते.

पण भट्टीत घातले 178 आणि मिळाले 65, मग बाकीचे 113 कुठे गेले? ते भिंतीवर मिळतात. चुना मारून झाला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून घेतो, पाणी सोडतो आणि पुन्हा चुनखडी होतो, म्हणूनच तो वाळल्यावर घट्ट धरतो. या पायरीत बरोब्बर 113 किलोज्यूल बाहेर पडतात. भिंत गरम लागत नाही कारण हे काम दिवस, आठवडे चालतं, आणि जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत दगड-विटांच्या सांध्यांत चुना भरलेला असतो तिथे तर आत वर्षानुवर्षं.

65 आणि 113, बेरीज 178. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर तीनदा बेरीज केली होती. रशियात सेंट पीटर्सबर्गला जर्मेन हेस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1840 मध्ये हाच नियम मांडला, की सुरुवात आणि शेवट ठरलेला असेल तर मधे किती पायऱ्या घेतल्या याने उष्णतेच्या एकूण हिशोबात फरक पडत नाही. इथे तर सुरुवातही चुनखडी आणि शेवटही चुनखडी, म्हणून घातलेले 178 आणि परत मिळालेले 178 धरून एकूण बेरीज शून्य.

आजीच्या पानाच्या डब्यातली चुन्याची डबी उघडी राहिली की कडेला पांढरी खरबरीत पापडी धरायची, ती नखाने खरवडून टाकायची. ती पापडी म्हणजे परत झालेली चुनखडीच, तिचे 113 चे 113 देऊन झालेले असायचे.