मिनिएचर शीट : फ्रान्सची जुनी पत्रके

एखाद्या प्रसंगानिमित्त एक किंवा अनेक टपाल तिकिटे रुंद, छापील समासासह छोट्या स्वतंत्र पत्रकावर काढली, की संग्राहक त्याला मिनिएचर शीट म्हणतात. १९२३ साली लक्झेंबर्गने राजकन्या एलिझाबेथच्या जन्मानिमित्त काढलेले पत्रक सहसा पहिले मानले जाते. फ्रान्सचे पहिले १९२५ च्या मे महिन्यात पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय तिकीट-प्रदर्शनात आले. त्यावर चित्रकार साज यांनी रेखाटलेल्या १८७६ च्या जुन्या आकृतीची, किरमिजी रंगातली ५ फ्रँकची चार तिकिटे आहेत.

आज या पत्रकाच्या निर्दोष प्रतीला हजारो युरो पडतात. त्याचे मूळ विक्रीच्या पद्धतीत आहे. पत्रक प्रदर्शनातच मिळे आणि त्याची दर्शनी किंमत २० फ्रँक होती. तेव्हा देशांतर्गत साध्या पत्राला २५ सांतीम (पाव फ्रँक) लागत, म्हणजे एका पत्रकात ऐंशी पत्रांचे टपाल निघे! हौस असली तरी खिसा आडवा येणारच. ज्यांनी घेतले त्यांतल्या अनेकांनी ते फाडून तिकिटे सुटी केली, कारण अल्बममध्ये जागा तिकिटाची, सुमारे १४ बाय २२ सेंटिमीटरच्या कागदाची नव्हे. हे किरमिजी तिकीट फक्त याच पत्रकातून आल्यामुळे सुटेही महाग आहे, पण चार सुट्यांची बेरीज अख्ख्या पत्रकाला गाठत नाही. जास्तीचे पैसे समासाचे, असे म्हटले तरी चालेल.

खरी छाननी मागच्या बाजूची. त्या काळी तिकीट हिंज, म्हणजे डिंक लावलेला कागदाचा छोटा तुकडा, मागे लावून अल्बममध्ये चिकटवणे हीच रीत होती. त्यामुळे मूळ डिंक अस्पर्श राहिलेली प्रत विरळा आणि म्हणून महाग. हिंज फक्त समासाला लागला असेल, तर भाव तितका पडत नाही. या फरकापायी जुना डिंक धुऊन नवा चढवण्याचे उद्योग चालतात. तिरप्या उजेडात पाहिले, की नवा डिंक छिद्रांच्या कडांत उतरलेला दिसतो आणि तिकिटाचे दाते बोटाला ताठ, टोचरे लागतात. तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय मोठी खरेदी करू नये.

१९२७ च्या स्ट्रासबुर्ग येथील तिकीट-प्रदर्शनाचे पत्रकही याच पंक्तीतले. त्यावर चित्रकार मेर्सों यांच्या आकृतीची ५ व १० फ्रँकची तिकिटे आणि मधोमध प्रदर्शनाची चिठ्ठी आहे. १९३७ च्या ‘पेक्सिप’ प्रदर्शनाचे सेरेस या रोमन कृषिदेवतेच्या मस्तकाच्या चित्राचे पत्रक मात्र अवघ्या १ फ्रँक दर्शनी किमतीचे. ते पुष्कळ उरले, म्हणून पहिल्या दोघांपेक्षा खूपच स्वस्त आहे. त्याची बिनछिद्रांची प्रत तेवढी दुर्मिळ.