नेट गेल्यावर रूट कमांड का अडकते?

नेट गेलंय म्हणून लिनक्सवर रूट (route) कमांड, म्हणजे डेटा कुठल्या रस्त्याने जाणार त्याची यादी (राउटिंग टेबल) दाखवणारी कमांड, मारली आणि ती एखादी ओळ दाखवून थांबूनच राहिली, की खूप जणांना वाटतं राउटिंग टेबलच बिघडलं. टेबल बहुतेक वेळा धड असतं. अडकलेलं असतं ते नाव शोधण्याचं काम.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या टेबलात गेटवेचं, म्हणजे डेटा बाहेर पाठवणाऱ्या राउटरचं, नाव नसतंच, नुसते आकडे असतात. प्रॉक फोल्डरच्या आत नेट, त्यात रूट नावाची फाईल आहे, ती उघडून बघा, गेटवे ०१०१ए८सी० असा काहीतरी दिसेल, हा हेक्स म्हणजे सोळाच्या पायातला आकडा. नेहमीच्या पीसीवर यातले बाइट उलटे लागलेले असतात, म्हणून मागून दोन-दोन अक्षरं घ्यायची, सी० म्हणजे १९२, ए८ म्हणजे १६८, मग १ आणि १, झाला १९२.१६८.१.१. पॅकेट (डेटाचा तुकडा) पुढे ढकलायला कर्नलला एवढं पुरतं.

नावं लावतं ते टूल, तेही स्क्रीनवर छापताना. ०.०.०.० ला डिफॉल्ट म्हणायचं हे रूट कमांडला आधीच माहीत असतं. डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर १६९.२५४.०.० च्या जागी लिंक-लोकल दिसतं, ते ईटीसी फोल्डरमधल्या नेटवर्क्स फाईलमधून येतं. गेटवेसाठी साधारणपणे आधी होस्ट्स फाईल (मशीनवरचीच नावं-पत्त्यांची यादी) बघितली जाते आणि तिथं नाही सापडलं तर डीएनएसला, म्हणजे नावं आणि पत्ते जुळवून देणाऱ्या व्यवस्थेला, उलटा प्रश्न जातो, म्हणजे नावावरून आकडा नाही तर आकड्यावरून नाव. त्यासाठी पत्ता फिरवून १.१.१६८.१९२.इन-अॅडर.आर्पा असं नाव बनवतात आणि त्याचं पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे पत्त्याचं नाव सांगणारी नोंद, मागतात. फिरवायचं कारण असं की आयपी पत्त्यात मोठा भाग डावीकडे असतो आणि डीएनएसच्या नावात उजवीकडे.

आता घोळ बघा. डीएनएस सर्व्हरपर्यंत जायचा रस्ताच तुटलाय आणि टूल त्यालाच विचारतंय! लिनक्सचा रिझॉल्व्हर (डीएनएसला विचारणारा भाग) डिफॉल्टने ५ सेकंद थांबतो आणि २ वेळा प्रयत्न करतो, म्हणजे सर्व्हर एकच असला तरी एका पत्त्यामागे १० सेकंद गेले. आणि १९२.१६८ वाले पत्ते तर घराघरात तेच असतात, बाहेरच्या डीएनएसला त्यांचं नाव माहीत असायचं कारणच नाही, तरी असे प्रश्न इंटरनेटवर इतके सांडतात की ते झेलायला एएस११२ नावाने वेगळे सर्व्हर चालवावे लागतात.

म्हणून रूट असो, नेटवर्कची स्थिती दाखवणारी नेटस्टॅट असो, पुढे डॅश एन लावायचंच, मग नुसते आकडे येतात आणि लगेच येतात. नवीन आयपी रूट (ip route) कमांड मला म्हणूनच जास्त आवडते, ती न सांगता नावं शोधतच नाही, हवीच असतील तर आयपीनंतर डॅश आर द्यावं लागतं.

वाटेतले राउटर एकेक करून दाखवणाऱ्या ट्रेसरूटमध्ये मात्र नावं कामाची असतात, राउटरच्या नावात बीओएम (मुंबई विमानतळाचा कोड) दिसलं तर तो बहुधा मुंबईत आहे. पण पीटीआरमध्ये काय लिहायचं हे पत्त्याचा मालक ठरवतो, राउटर दुसरीकडे हलवला आणि रेकॉर्ड बदलायचं राहून गेलं तर तेच जुनं नाव दिसत राहतं, त्यामुळे नावासोबत किती मिलिसेकंद लागले तेही बघा.