तणनाशक-प्रतिकारक्षमता (रेणवीय आधार)

एखाद्या तणाची जात एरवी ज्या मात्रेने मरते, त्याच मात्रेत तिच्यातील काही झाडे तगून राहतात आणि तो गुण बियांमधून पुढील पिढीत उतरतो, तेव्हा त्याला तणनाशक-प्रतिकारक्षमता म्हणतात. फवारणी उशिरा झाल्याने किंवा औषध पावसात धुऊन गेल्याने वाचलेले तण या व्याख्येत बसत नाही.

पहिली नोंद कोणती, याविषयी मतभेद आहेत. पुष्कळ लेखक १९७० मधील रायन यांच्या लेखापासून आरंभ करतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या एका रोपवाटिकेत सेनेसिओ व्हल्गॅरिस हे तण सिमॅझीन व ॲट्राझीन या तणनाशकांना दाद देत नसल्याचे त्यात दाखविले होते. तथापि १९५७ च्या सुमारास कॅनडातील रानगाजर आणि हवाईच्या उसातील, आपल्या केन्याच्याच प्रजातीतील, कॉमेलिना डिफ्यूझा यांनी २,४-डी हे तणनाशक सोसल्याच्या नोंदी आहेत व त्या वगळण्यास सबळ कारण दिसत नाही. रेणवीय इतिहास मात्र १९८३ पासून धरणे योग्य. त्या वर्षी राजगिऱ्याच्या प्रजातीतील एका तणात हरितलवकाच्या प्रथिनात २६४ व्या स्थानी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसीन हे अमिनो आम्ल आल्याचे प्रसिद्ध झाले.

माळव्याच्या सोयाबीनमध्ये फवारले जाणारे इमॅझेथापायर हे तणनाशक तणातील ॲसिटोलॅक्टेट सिंथेज या एंझाइमाला जखडते. प्रतिकाराचा पहिला मार्ग या एंझाइमातील बदलाचा. त्यात ५७४ व्या स्थानी ट्रिप्टोफॅनच्या जागी ल्युसीन आल्यास याच एंझाइमाला जखडणाऱ्या गटातील बहुतेक तणनाशके निष्प्रभ होतात. ६५३ व्या स्थानच्या सेरीनमधील बदलाचा परिणाम मुख्यतः इमिडाझोलिनोनांपुरता, म्हणजे इमॅझेथापायर ज्यात मोडते त्या उपगटापुरता, राहतो. दुसरा मार्ग औषधाच्या विघटनाचा असून तो सायटोक्रोम पी-४५० एंझाइमांवर चालतो. हरयाणाच्या गव्हातील गुल्लीडंडा या तणाने आयसोप्रोट्यूरॉन हे तणनाशक पचविले ते बहुधा याच मार्गाने.

इंदूरला कृषी महाविद्यालय आणि १९८७ पासूनची सोयाबीन संशोधन संस्था असल्याने पदव्युत्तर संशोधनाला शेत हाताशी आहे. मराठी घरातला विद्यार्थी ज्याला केना म्हणतो, त्याला शेतमजूर कनकौआ म्हणतात; म्हणून बियांच्या पाकिटावर लॅटिन नाव हवेच. आधी तीन-चार पानांच्या रोपांवर चढत्या मात्रांची चाचणी घ्यावी, पी-४५० एंझाइमांना रोखणाऱ्या मॅलॅथिऑन या कीटकनाशकाच्या पूर्वफवारणीने विघटनाचा मार्ग पडताळावा आणि मगच डीएनए काढावा. नुसत्या उत्परिवर्तनाच्या शोधाने विघटनाचा मार्ग नजरेआड राहतो, आणि असे प्रबंध अपुरेच म्हणावे लागतात. एकिनोक्लोआ कोलोना हे गवत षट्‌गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे सहा संच असलेले, असल्याने त्यात एकाच जनुकाच्या अनेक प्रती असतात. डीएनएच्या अनुक्रमाच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरे दिसली, तर प्रत्येक प्रत स्वतंत्रपणे वाचावी लागते.