काविळीत कोणती तपासणी आधी?

शौचाचा रंग कसा आहे? लघवी गडद होते का? अंगाला खाज येते का? डोळे पिवळे झालेल्या माणसाला हे विचारायला एक रुपया लागत नाही, आणि पुढे कोणती तपासणी करायची हे बरंचसं या उत्तरांवर ठरतं. शौचाचा पिवळट तपकिरी रंग पित्तातून येतो. ती मातकट, पांढुरकी होऊ लागली, तर पित्त आतड्यापर्यंत पोचत नाही अशी शंका घ्यावी.

जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं. यकृत ते पित्तात सोडतं. 100 मिलिलिटर रक्तात ते एरवी 1 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. ते 2 ते 3 च्या वर गेलं की डोळे पिवळे दिसतात. पेशी जास्त मोडल्या, यकृताला इजा झाली किंवा पित्तनलिका अडली, तरी वरून दिसतो तो एकच पिवळेपणा.

मग एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी. त्यातला एसजीपीटी हा एन्झाइम यकृताच्या पेशींत असतो आणि पेशींना इजा झाली की रक्तात उतरतो. नेहमी 40 च्या आत असणारा हा आकडा हेपॅटायटिस ए किंवा ई मध्ये हजाराच्या वर जाऊ शकतो. नलिका अडली असेल तर त्याच तपासणीतलं दुसरं एन्झाइम, अल्कलाइन फॉस्फटेज, जास्त चढतं. घरोघरी मात्र सगळ्यांचं लक्ष एसजीपीटीवरच खिळलेलं असतं, आणि मला याचीच काळजी वाटते. तो इजा दाखवतो, यकृत किती काम करतंय हे सांगत नाही. रक्त गोठवणारे बरेचसे घटक यकृतात बनतात, म्हणून कामाचा अंदाज आयएनआरवरून येतो; रक्त गोठायला जितका उशीर, तितका हा आकडा जास्त. एसजीपीटी उतरतोय पण आयएनआर चढतोय, आणि रोगी पेंगुळला आहे, असंबद्ध बोलतोय, तर ती सुधारणा नव्हे. मोडायला पेशीच कमी उरल्या असतील. अशा वेळी मोठ्या रुग्णालयात तातडीने न्यायला हवं.

उलट, एखाद्या तरुणाने दोन दिवस कडक उपास केला, बिलिरुबिन 2 निघालं, तेही इनडायरेक्ट (यकृताने अजून प्रक्रिया न केलेलं), आणि बाकी सगळं नॉर्मल, तर बहुतेक वेळा तो गिल्बर्ट सिंड्रोम असतो. तो जन्मजात आणि निरुपद्रवी असतो. त्याला ना स्कॅन लागतो, ना पथ्य.

नलिका अडल्याची शंका असेल तर पहिली सोनोग्राफी. पित्ताशय भरलेलं दिसावं म्हणून ती सहा-आठ तास उपाशीपोटी करतात. पित्ताशयातले खडे ती छान पकडते; नलिकेच्या खालच्या टोकाचा खडा मात्र आतड्यातल्या वायूआड लपतो. म्हणून 'सोनोग्राफी नॉर्मल' एवढ्याने खडा नाही असं ठरत नाही. तिथे एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, कामाला येते. तिच्यात डाय टोचावा लागत नाही, पित्तातलं पाणीच चित्रात उजळून दिसतं.

ईआरसीपी वेगळी. ती 1968 पासून होते. दुर्बीण तोंडातून लहान आतड्यापर्यंत नेऊन पित्तनलिकेच्या तोंडातून खडा काढता येतो, नलिका उघडी ठेवणारी नळी, म्हणजे स्टेंट, बसवता येतो. पण शंभरातल्या साधारण पाच जणांच्या स्वादुपिंडाला तिच्यामुळे सूज येते. म्हणून नुसतं बघायला ईआरसीपी करू नये. थंडी वाजून ताप, पोटात उजवीकडे वर दुखणं आणि कावीळ एकत्र आली, तर मात्र उशीर जिवावर बेततो.

उतारवयात न दुखता कावीळ झाली आणि वजनही घटत असेल, तर स्वादुपिंडात गाठ आहे का हे बघायला सीटी स्कॅन करावा, तोही शक्यतो स्टेंट घालण्याआधी. स्टेंट बसला की चित्र गढूळ होतं.

आपल्याकडे अजून कावीळ 'उतरवून' घेतात. हेपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरे होतात, त्यामुळे उतरवणाऱ्याला यश येतं आणि त्याचं नाव होतं. ज्याची शौच पांढुरकी आहे, त्याचे मात्र हेच आठवडे हातचे जातात. आणि दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला हेपॅटायटिस ई झाला, तर तो तिच्या जिवावर उठू शकतो. तिचे डोळे पिवळे दिसले, तर आयएनआर त्याच दिवशी बघावा.