सांध्यांची लवचिकता मोजणारी मोबाइल अ‍ॅप

सांधा किती अंशांतून वाकतो किंवा वळतो, हे स्मार्टफोनने मोजण्याची पद्धत. फिजिओथेरपीत हे काम गोनिओमीटर करतो. तो म्हणजे दोन लांब पट्ट्या जोडलेला कोनमापक. तो धरायला दोन्ही हात लागतात, फोनला एक पुरतो. रुग्णाला घरीही मोजता येते.

फोन सांधा मोजत नाही, स्वतःचा कल मोजतो, ही गोष्ट विसरली की आकडे फसवतात. फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो आणि त्यावरून कल सांगतो. उताणे झोपून टाच नितंबाकडे ओढली, तेव्हा नडगी जमिनीशी ६५ अंशांचा कोन करते असे समजा. हा गुडघ्याचा कोन नव्हे. मांडीही ६० अंश उचललेली असेल, तर गुडघा दोन्हींच्या बेरजेइतका, म्हणजे १२५ अंश वाकला आहे. पालथे झोपवून मांडी सपाट ठेवली, तर ही बेरीज करावी लागत नाही. फोन दर वेळी हाडाच्या त्याच जागी टेकवावा. पोटरीच्या मऊ गोलाईवर तो डुगडुगतो, आणि कॅमेऱ्याचा उंचवटा मध्ये आला तरी कोन बदलतो.

बसून मान डावी-उजवीकडे वळवताना वेगळीच अडचण येते. ही हालचाल उभ्या अक्षाभोवती होते, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने फोन हललेलाच नसतो. मग मॅग्नेटोमीटर, म्हणजे फोनमधले होकायंत्र, कामी येते. पण जवळ लोखंडी खाट किंवा स्पीकर असला की ते बिथरते. रुग्णाला उताणे झोपवून मान वळवायला सांगितली, तर साध्या कलमापनानेच काम भागते. काही अ‍ॅप फोटोवर रेषा आखून कोन काढतात. तिथे कॅमेरा हालचालीच्या प्रतलाला काटकोनात नसेल, तर कोन खोटा येतो.

गोनिओमीटरच्या दोन वाचनांतही सुमारे ५ अंशांचा फरक पडू शकतो. त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या दशांशाला फारसा अर्थ नाही. मोजणारी व्यक्ती, रुग्णाची स्थिती आणि व्यायामाआधी की नंतर ही वेळ, हे सारे तेच ठेवले तरच आठवड्यांची तुलना करता येते. सांधा रुग्णाने स्वतः वाकवला की दुसऱ्याने, याचीही नोंद हवी.

अतिलवचिकतेसाठी वापरल्या जाणाऱ्या ९ गुणांच्या बायटन चाचणीत कोपर किंवा गुडघा सरळ रेषेपलीकडे १० अंशांहून जास्त गेला, तर गुण मिळतो. फोनवर ११ अंश दिसले, तर मापन पुन्हा घ्यावे.