धर्माचा अभ्यास की धार्मिक शिक्षण? एम.ए.च्या घोळामागची पार्श्वभूमी

भाची धर्म या विषयात एम.ए. करणार म्हटल्यावर दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याबाईंचा पहिला प्रश्न, "म्हणजे पूजा सांगणार का गं तू?" आत्याबाईंचं यात काही चुकलं असं मला वाटत नाही. घोळ शब्दातच आहे, 'धर्माचा अभ्यास' आणि 'धार्मिक शिक्षण' ऐकायला एकच वाटतं.

खरंतर वडोद्यात तरी हा घोळ व्हायला नको होता. इथे सयाजीराव महाराजांच्या काळी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी चालू होत्या. १९१५ च्या पुरोहित कायद्यानं भटजींना परीक्षा लावली, म्हणजे ते झालं पौरोहित्याचं शिक्षण, आणि त्याच दशकात बडोदा कॉलेजात तौलनिक धर्म, म्हणजे वेगवेगळे धर्म शेजारी ठेवून बघणं, शिकवायला विलायतेहून प्राध्यापक आणला, तो झाला धर्माचा अभ्यास. त्याही आधी १९०१ ला विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला हाच विषय शिकायला गेले तेव्हा प्रवासखर्चाला महाराजांनीच हात दिला होता. एकाच राजाला दोन्ही हवं होतं आणि दोन्हींत त्याची गल्लत होत नव्हती.

पुढे १९४९ ला इथलं विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी राज्यघटना स्वीकारली गेली. तिच्या २८ व्या कलमात आहे की पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. आता गोम अशी की मूळ इंग्रजी घटनेत शब्द आहे 'इन्स्ट्रक्शन', म्हणजे एखाद्या पंथाची शिकवण, दीक्षा दिल्यासारखी, आणि मराठीत आपण त्यालाही 'शिक्षण'च म्हणतो, 'एज्युकेशन'लाही 'शिक्षण'च, मग कलम मराठीतून वाचणाऱ्याला वाटणारच की धर्म हा विषयच कॉलेजात बंद आहे. संस्कार, शिकवण, उपदेश असे कितीतरी शब्द हाताशी होते. मला ही निवड चुकीचीच वाटते, कारण एका शब्दापायी हुशार मुलं या विषयाकडे फिरकत नाहीत. घटना व्हायच्या आधी उच्चशिक्षणाच्या आयोगानं तर उलट सुचवलं होतं, पदवीच्या पहिल्या वर्षाला धर्मपुरुषांची चरित्रं, दुसऱ्याला धर्मग्रंथांतले उतारे, तिसऱ्याला धर्माच्या तत्त्वज्ञानातले प्रश्न. ते बहुतेक कागदावरच राहिलं.

अमेरिकेत हाच प्रश्न १९६३ ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सोडवला, सरकारी शाळेत प्रार्थना म्हणून बायबल वाचायचं नाही पण धर्माविषयी शिकवायला हरकत नाही, आणि त्यानंतर तिकडच्या सरकारी विद्यापीठांत या विषयाचे विभाग भराभर वाढले. आपल्याकडे साठच्या दशकात पतियाळ्याला स्वतंत्र विभाग निघाला. १९७१ ला सुप्रीम कोर्टानं गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे असं सांगितलं, २००२ ला पुन्हा शालेय अभ्यासक्रमाच्या केसमध्ये धर्मांची माहिती देण्याला घटनेची आडकाठी नाही असं म्हटलं. म्हणजे कायद्यापुरतं उत्तर मिळालेलंय. तरी बहुतेक विद्यापीठांत हा विषय अजून संस्कृत, तत्त्वज्ञान, पाली, इतिहास, समाजशास्त्र असा वाटला गेलेलाच आहे आणि ज्याला दोन धर्म एकमेकांशेजारी ठेवून बघायचेत त्याला गाईड शोधण्यातच वर्ष जातं.

भाचीनं शेवटी आत्याबाईंना रामायणावरून समजावलं. आपल्याकडे चैत्रात पाटावर पोथी ठेवून पारायण होतं, हळदकुंकू वाहून, एक अक्षर गाळायचं नाही. आणि इथल्याच प्राच्यविद्या मंदिरात, म्हणजे जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्या संस्थेत, त्याच वाल्मीकि रामायणाच्या वेगवेगळ्या लिप्यांतल्या पोथ्या समोरासमोर ठेवून श्लोकाश्लोकाला ताडून बघितल्या, कुठे शब्द बदललाय, कुठला श्लोक मागाहून घुसलाय, वर ठरवलेला पाठ, म्हणजे मूळचे मानलेले शब्द, आणि खाली बारीक टायपात पाठभेद, म्हणजे बाकी पोथ्यांतले वेगळे शब्द, असे सात खंड १९६० ते १९७५ मध्ये निघाले.

आत्याबाई जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग आमच्या पोथीत कुठला पाठ आहे गं?" आणि पोथी काढायला आत गेल्या.