संघाचे वय (फुटबॉल)

संघाचे वय म्हणजे व्यावसायिक फुटबॉल संघाकडून प्रत्यक्ष मैदानात उतरणाऱ्या खेळाडूंचे सरासरी वय. तरुण संघ जास्त धावतो, लवकर सावरतो आणि त्यातला खेळाडू पुढे चढ्या भावाने विकता येतो. मात्र नुसत्या कमी वयावर संघ जिंकतो, असे इतिहास सांगत नाही.

सरासरीचा आकडा फसवा असतो. २४ वर्षांचे ११ खेळाडू घ्या, किंवा २३ वर्षांचे १० आणि ३४ वर्षांचा एक गोलकीपर. सरासरी २४ च येते, पण हे दोन अगदी वेगळे संघ आहेत. वेगाने धावण्याची ताकद साधारण पंचविशीच्या आसपास सर्वाधिक असते. म्हणून विंगरची, म्हणजे मैदानाच्या कडेने धावत चढाई करणाऱ्या खेळाडूची, उमेदीची वर्षे लवकर येतात आणि लवकर सरतात. गोलकीपर आणि सेंटरबॅक (बचावाच्या मधला खेळाडू) यांचे काम बरेचसे अंदाजावर चालते, त्यामुळे ते तिशीनंतरही टिकतात. नाशिकमध्ये पावसाळ्यात चिखलात रंगणारा एखादा स्थानिक सामना पाहिला तरी हे कळते. बचावातला वयाने मोठा गडी फारसा पळत नाही. ‘लाइन धर’, ‘मागे बघ’, ‘जाऊ नको, थांब’ असे त्याचे सतत चालू असते. तो बाहेर गेला की दहा मिनिटांत बचावाची रांग विस्कटते.

तरुण की अनुभवी, या वादातले सर्वात गाजलेले उदाहरण मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबचे. १९ ऑगस्ट १९९५ रोजी हा संघ अ‍ॅस्टन व्हिलाकडून ३-१ हरला आणि समालोचक अ‍ॅलन हॅन्सन म्हणाले की पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही. त्याच मोसमात युनायटेडने प्रीमियर लीग आणि एफए कप या इंग्लंडच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. हे उदाहरण तरुणाईचा विजय म्हणून सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल बंधू ही तरुण पोरे होतीच. पण गोलमध्ये ३२ वर्षांचा श्मायकेल होता, कर्णधार ब्रूस पस्तिशीचा, आणि व्हिलाविरुद्ध बंदीमुळे बाहेर असलेला आघाडीचा अनुभवी खेळाडू कँटोना ऑक्टोबरमध्ये परतला होता. युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या २०२५ च्या अंतिम सामन्यात पॅरिस सेंट-जर्मेनने वयस्क इंटर मिलानला ५-० असे धुतले, दोन गोल १९ वर्षांच्या दुएचे. तिथेही बचावाच्या मधोमध ३१ वर्षांचा कर्णधार मार्किन्योस उभा होता.

ज्येष्ठांचा आधार पूर्ण काढून घेतला की काय होते, ते भारतात इंडियन अ‍ॅरोज संघाने दाखवले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये उभा केलेला हा फक्त तरुणांचा संघ २०१३ मध्ये बंद झाला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकानंतर पुन्हा सुरू झाला. २०१७-१८ च्या आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत तो तळाला राहिला. तरीही त्याला अपयशी म्हणणे अन्यायाचे ठरेल: कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जॅक्सन सिंग अशा मुलांना तिथे पूर्ण ९० मिनिटे खेळायला मिळाली आणि पुढे ते इंडियन सुपर लीगमध्ये पोहोचले. २०२२ मध्ये हा संघ मोडला.

नाशिकचा इंडियन सुपर लीगमध्ये संघ नाही. इथल्या गुणी मुलाला पंधराव्या-सोळाव्या वर्षीच मुंबई किंवा पुण्याची वाट धरावी लागते. त्याच्या दृष्टीने क्लबच्या यादीत तरुण किती, यापेक्षा त्यांतले बेंचवर किती बसतात हे महत्त्वाचे. आणि त्याच्या जागेवर कोण खेळतो, हेही: सुनील छेत्रीने या लीगच्या २०२४-२५ च्या मोसमात, वयाच्या चाळिशीत, बेंगळुरूसाठी १४ गोल केले.